वर्गणीचं हेल्मेट

आमचे हे ढोरांचे डॉक्टर होते, आणि ढोरांपेक्षा जास्त वेळा तेच आडवे होत. आता हसते मी, पण त्या काळी हसू येत नव्हतं. वलवणला आमचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड, पदरात दोन पोरं आणि दारात मिलिटरीच्या लिलावातून घेतलेली एक फटफटी. पवनेच्या धरणाचं काम संपत आलं होतं त्या सुमाराची गोष्ट. खालच्या गावांत म्हैस अडली, बैल फुगला, शेळीनं काही भलतंच खाल्लं की निरोप येई, आणि हे भरल्या ताटावरून उठून फटफटीला लाथा घालायला लागत. दहा-बारा लाथांनी ती जागी होई. मग माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर धुराचा लोट सोडून हे खिंडीच्या दिशेनं निघून जात.

आणि पडत. खिंडीत पडत, ओढ्यात पडत, एकदा तर दारातच उभ्या फटफटीवरून पडले. घरी आल्यावर मात्र "काही नाही गं, जरा टेकलो" एवढंच बोलणं. मी कानामागचा चिखल पाहून ओळखत असे. तांबडी माती असली तर खिंड, काळी असली तर खालचा मुलूख. धुणं मला धुवायचं होतं, माझ्यापासून काय लपवणार कपाळ?

त्यातलं एक पडणं मात्र माझ्या जिवाचं पाणी करून गेलं. तिकोणा पेठेच्या अलीकडे रस्ता एकदम वळतो आणि नेमकं वळणातच ओढ्याचं पाणी येतं. पेठेतल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची गाय अडली होती. त्यांना सगळं गाव आबा म्हणे. ह्यांनी गाय मोकळी केली, परत निघाले आणि त्या वळणावर घसरून डोक्यावर आपटले. पेठेतल्या माणसांनी त्यांना धरणाच्या खडीच्या ट्रकात घालून वलवणला आणलं. मी धावत गेले तर हे डोक्याला फडकं बांधलेलं तसेच उठून बसले, माझ्याकडे नीट पाहिलं, हात जोडले आणि म्हणाले, "नमस्कार. आपण कोण?"

लग्नाला सात वर्षं झाली होती, पण इतक्या अदबीनं हे माझ्याशी कधी बोलले नव्हते. संध्याकाळपर्यंत मी 'आपण' होते. चहा पुढे केला तर "आपल्याला उगीच त्रास." थोरल्या मुलीला विचारलं, "बाळ, तुझं गाव कोणतं?" पोरीनं भोकाड पसरलं. दिवेलागणीला ते पहिल्यांदा खेकसले, "अगं, चहात साखर घालायची पद्धत आहे की नाही?" तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली आणि मागच्या दारी जाऊन पोटभर रडले. लोणावळ्याच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की ह्या वेळी निभावलं, पण पुन्हा डोक्याला असा मार बसला तर मी काही भरवसा देणार नाही. त्या क्षणापासून मला जगात एकच गोष्ट हवी होती, ह्या माणसाचं डोकं शाबूत राहायला हवं होतं.

लोणावळ्याच्या रस्त्यानं मिलिटरीचे फटफटीवाले जात, त्यांच्या डोक्यावर टणक हेल्मेट असे. मी म्हटलं, तसलं एक घ्या. तर हे म्हणाले, "मी काय पाळण्यातलं पोर आहे टोपडं घालायला? आणि किंमत ऐकली आहेस का?" किंमत मी ऐकली होती. तेवढ्यात आमचा दोन महिन्यांचा किराणा आला असता. हे लिलावात फटफटी घेऊ शकत होते, पण हेल्मेटाला त्यांच्या खिशात दमडी नव्हती.

मग मी धाकटं कडेवर मारलं आणि सरळ पेठ गाठली. आबांच्या ओट्यावर बसले आणि म्हटलं, "आबा, तुमची गाय वाचली, आनंद आहे. माझं कुंकू जाता जाता राहिलं." एवढं बोलले आणि मला रडूच फुटलं. आबा चपापले. गाय तिथंच दावणीला रवंथ करत होती, तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "डाक्टरीणबाई, तुमी आता कायबी बोलू नका. डाक्टरचं डोस्कं ह्या गावाचं हाय. गाव बगंल."

गाव बगंल म्हणजे काय प्रकरण असतं, हे मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्याच आठवड्यात देवळात बैठक भरली. मला मुद्दाम बोलावलं होतं. बायका खांबाच्या मागे, मी त्यांच्यात. पहिला एक तास हेल्मेटाचं नावच निघालं नाही. एकाचं म्हणणं, वळणावरच्या म्हसोबाला दोन वर्षं कोंबडं दिलेलं नाही, डॉक्टर पडेल नाहीतर काय. दुसरा म्हणाला, वळणावर खडी टाका. तिसरा म्हणाला, खडी टाकायची तर माझ्या बांधापर्यंत टाका. मग बांध कुणाचा ह्यावर अर्धा तास गेला. एकानं तर सुचवलं की डॉक्टरनं फटफटी विकावी, गाव त्याला घोडी देईल. घोडी कुणाची, असं विचारल्यावर तो चपला शोधायला लागला.

शेवटी मीच खांबामागून ओरडले, "अहो, म्हसोबा बसेल वळणावर, माझा नवरा पडतो चार ठिकाणी! त्यांच्या डोक्यावर काहीतरी घाला!"

मग आबा म्हणाले, "बाई बराबर बोलती. टोपच घ्यायचा." उंबऱ्यामागं पट्टी ठरली, जत्रेला काढतात तशी. त्यावर एक गृहस्थ उठले. "माज्याकडं शेपूट म्हनून न्हाई. मी कशाला पट्टी दिऊ?"

"तुज्या बायकूला इंचू चावला तवा कोन आलतं?" आबांनी विचारलं.

"अवो, त्ये औषद ढोराचं हुतं!"

"पर उतरला का न्हाई?"

"उतरला," तो माणूस म्हणाला आणि खाली बसला.

वरच्या ठाकरवाडीतून एक मावशी आली होती. तिच्या चार शेळ्या, त्यातली एक ह्यांनी मरणाच्या दारातून ओढून आणली होती. तिच्याजवळ रोख काही नव्हतं, तिनं मधाची बाटली पुढे केली. शाळेचे मास्तर पट्टीच्या वहीत तिचं नाव लिहायला लागले तर म्हणाली, "माजं कशाला? मला कोन वळखतं? शेळीचं लिवा. बरी ती झालीया." मास्तरांनी आबांकडे पाहिलं. आबांनी मान हलवली. शेळीचं नाव वहीत चढलं.

माप हवं होतं. हे सांगून डोकं मोजू देणारे नव्हते. दुपारी जेवून घोरत पडले तशी मी सुतळी घेतली आणि कपाळावरून फिरवली. डोळे न उघडता म्हणाले, "शिंगाच्या बुडाशी धर, नाहीतर मारेल." मी शिंगाच्या बुडाशी धरलं, गाठ मारली आणि सुतळी मास्तरांकडे पाठवली. मास्तर पुण्याला जाऊन हेल्मेट घेऊन आले, पांढरंशुभ्र. मी ते हातात घेऊन दोन वेळा टिचकी मारून पाहिलं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

पण ते मला दिलं नाही. "अजून नावं टाकायचीत," मास्तर म्हणाले.

आता आमच्या मावळात दिलेल्या वस्तूवर देणाऱ्याचं नाव नसलं तर ती दिली असं कुणी धरतच नाही. देवळाची घंटा, शाळेचं घड्याळ, लग्नातली कळशी, पायरी, फरशी, सगळ्यावर नाव. मग हेल्मेटानं काय घोडं मारलं होतं? बैलगाड्या रंगवणारा पेंटर बोलावला. त्यानं पुढे कपाळावर मोठ्या लाल अक्षरांत 'समस्त ग्रामस्थ, तिकोणा पेठ, यांजकडून सप्रेम भेट' असं लिहिलं आणि मग गोल गोल फिरत उंबऱ्यागणिक एकेक नाव घातलं. कुणाचं नाव कानावर येतं आणि कुणाचं मानेकडे जातं ह्यावरून दोन घरांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. शेळीला डाव्या कानामागे चांगली ऐसपैस जागा मिळाली. शेवटी त्या हेल्मेटावर सुई टोचायला जागा उरली नाही.

समारंभ तर असा झाला की मी सांगते. हलगी वाजली, नारळ फुटला, हेल्मेटाला हळदकुंकू लागलं. सत्कार म्हणजे फेटा आलाच, म्हणून आधी ह्यांना भगवा फेटा बांधला. मग आबांनी दोन्ही हातांनी हेल्मेट उचललं आणि फेट्यावर ठेवलं. ते काही खाली उतरेना. सुतळी मी फेट्याशिवायच्या डोक्याची घेतली होती ना! फेटा सोडणं म्हणजे सगळ्या गावासमोर मान उतरवणं. कुणाची छाती होईना. शेवटी डोक्यावर फेटा, फेट्यावर हेल्मेट आणि हेल्मेटावर हार अशा थाटात आमचे हे एका हातानं ते सगळं धरून, एका हातानं फटफटी चालवत गावाबाहेर पडले. सुरक्षितपणाच्या ह्या पहिल्या दिवशी ते सगळ्यात जास्त पडायच्या बेतात होते. मी मागे बसले होते, मला माहीत आहे.

पुढचे दोन-तीन महिने मी निवांत होते. हे निघताना हेल्मेट घेऊन निघत, येताना घेऊन येत. चिखलही कमी झाला होता. मी शेजारणींना मोठ्या तोऱ्यात सांगत असे की बाई, धीटपणानं मागितलं की मिळतं.

मग आबांच्या नातीचं बारसं निघालं. मी एस.टी.नं पेठेला निघाले. पवनानगर सोडलं आणि खिडकीतून पाहते तर पुढे आमची फटफटी. ओळखायला वेळ लागला नाही, धूरच तसला. आणि वर बसलेल्या माणसाचं टक्कल उन्हात चमकत होतं! हेल्मेट मागे कॅरियरवर, माझ्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात व्यवस्थित बांधलेलं, वर सुतळीच्या दोन गाठी. खड्डा आला की हे मागे हात नेऊन ते शाबूत आहे ना पाहत. पेठेच्या वेशीजवळ एस.टी. थांबली, हेही थांबले, गाठी सोडल्या, बाहीनं हेल्मेट पुसलं, डोक्यावर चढवलं आणि सासुरवाडीला निघालेल्या जावयासारखे ऐटीत गावात शिरले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बारशात मी कुणाला काय बोलले, घुगऱ्या गोड होत्या की तिखट, काही आठवत नाही. घरी येऊन मी दार लावलं आणि विचारलं, "हे काय आहे?"

ह्यांनी आधी हेल्मेट खुंटीला अडकवलं. मग म्हणाले, "अगं, कसं घालणार? खालच्या गावात बैल फुगला म्हणून गेलो, तर मालक बैल सोडून माझं डोकं वाचायला लागला. वाचता वाचता त्याला चुलतभावाचं नाव सापडलं. म्हणाला, ज्यानं माजा बांध कोरला त्याला डोक्यावर घिऊन माज्या दारात येताय व्हय? गोठ्यात पाऊल टाकू देईना. बैल तडफडतोय तिकडे! काढून ठेवलं. दुसऱ्या गावात म्हणाले, तुम्ही आता पेठेचे डाक्टर झाला. तिथं काढलं. म्हटलं, सगळीकडेच काढावं, कुणाचं मन कशाला मोडा. पेठेत मात्र घालतो. त्यांनी दिलंय."

"आणि रस्त्यात? रस्त्यात कोण बघतं?"

"रस्त्यात खराब होतं," हे म्हणाले. "मानाची वस्तू आहे ती."

मी कपाळाला हात मारून घेतला. सगळ्या गावानं वर्गणी काढून एका डोक्याची सोय केली, आणि ते डोकं सोडून सगळं सांभाळलं जात होतं! बांध सांभाळला, भाऊबंदकी सांभाळली, रंग सांभाळला. चार गावांची मनं राखायची, आणि बायको-पोरांच्या मनात काय चाललंय ते कुणी विचारायचं नाही. मी तेव्हा जे जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेजारच्या बाईनं मध्येच चूल विझल्याचं निमित्त काढून येऊन पाहिलं, सगळं ठीक आहे ना म्हणून.

दुसऱ्या दिवशी हे दवाखान्यात गेल्यावर मी खिडकीच्या गजांना लावायचा काळा ऑइलपेंट काढला आणि ते हेल्मेट कपाळापासून मानेपर्यंत काळंकुळकुळीत करून टाकलं. आबा गेले, मास्तर गेले, चुलतभाऊ गेला. शेळीपाशी हात जरा अडला, पण म्हटलं बाई, तुलाही ठेवता येत नाही. सगळे सारखे.

हे आले आणि मटकन खाली बसले. "अगं, जिवंत माणसांची नावं काळी केलीस! पेठेत मी तोंड कसं दाखवू?"

"तोंड नंतर दाखवा, आधी डोकं झाका," मी म्हटलं. "पेठेला सांगायचं ते मी सांगेन. उद्यापासून दारातून हे घालून निघायचं आणि दारात येऊन काढायचं. मधे कुठं काढलंत तर मी विचारेन. आणि माझ्याशी खोटं बोलता येत नाही तुम्हाला, कान लाल होतात."

असं बोलले खरी, पण मलाही ते बोचत होतं. ज्यांनी मधाची बाटलीसुद्धा पुढे केली होती त्यांचं नाव मी पुसलं होतं. आठवडाभर मी पेठेला जायचं ठरवत होते आणि रोज काही ना काही कारण काढत होते. हेही त्या बाजूचा निरोप येऊ नये म्हणून देवाला हात जोडत असावेत.

निरोप आलाच. पुन्हा आबांकडचाच, ह्या वेळी त्यांची दुसरी गाय अडली होती. श्रावणातलं धुकं असं दाट होतं की दारातून कुंपण दिसेना. हे काळं हेल्मेट घालून निघाले. दुपार झाली, तिसरा प्रहर झाला. मी चुलीवर चढवलेला भात करपला, तो काढून दुसरा टाकला, तोही करपला. मग धुक्यातून बैलगाडी आली. गाडीत हे, उजवा हात गळ्यात बांधलेला, आणि शेजारी आबा. आबांच्या मांडीवर हेल्मेट होतं.

खिंडीच्या उतारावर समोरून खडीचा ट्रक आला. ह्यांनी फटफटी बाजूला घेतली, ती मोरीच्या कठड्यावर गेली आणि हे डोक्यावर दगडात आदळले. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. हेल्मेटाला उजव्या बाजूला बोट जाईल एवढी भेग पडली होती. त्याखालच्या डोक्यावर साधा ओरखडा नव्हता.

मी ह्यांना आत निजवलं आणि बाहेर येऊन आबांपुढे उभी राहिले. म्हटलं, "आबा, नावं मी काळी केली. ह्यांचा काही दोष नाही. हे दुसऱ्या गावात तुमच्या नावांमुळे घालत नव्हते. काय बोलायचं ते मला बोला."

आबा त्या भेगेवरून अंगठा फिरवत बसले होते. पुढून मागे, मागून पुढे. मग त्यांनी स्वतःच्या टाळूला हात लावून पाहिला. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि एवढ्या दांडग्या माणसाच्या डोळ्यात पाणी पाहून मलाही राहवलं नाही.

"मी गेलतो आनायला," ते म्हणाले. "दगडाला काळा रंग लागलाय बगा तितं. रंगच निस्ता." मग नाक शिंकरून म्हणाले, "ह्यो फुटला. दुसरा घ्यावा लागंल. आवंदा समद्या गावांची पट्टी काढू. खालच्या गावाचीबी. आन नाव कुनाचंच न्हाई टाकायचं. माजंबी न्हाई."

मी चहा ठेवला. आबा तीन कप प्यायले आणि त्यांनी गाडी जुंपली. जाताना विचारलं तर म्हणाले, गाय आपापली मोकळी झाली, कालवड हाय.

आत आले तर हे जागे होते, छताकडे बघत पडले होते. मी उशाशी बसले. एक गोष्ट मला राहून राहून सलत होती. म्हटलं, "खिंडीत एवढं धुकं होतं. घातलं काय, काढलं काय, कुत्रं बघणार नव्हतं. पुढे पेठेत हे काळं ध्यान घेऊन जायची तुम्हाला लाज होतीच. मग का नाही काढून ठेवलंत?"

"ठेवणार होतो," हे म्हणाले. "खिंडीत थांबलोसुद्धा. पट्टा सोडला होता."

"मग?"

"मग वाटलं, घरी गेल्यावर तू विचारशील. तुला काय सांगू, ते सुचेना. म्हणून पुन्हा पट्टा लावला."

मी हातात हात घेऊन बसणाऱ्यातली बाई नव्हे. त्यांच्या हाताची झोळी सैल झाली होती, ती सोडून मी पुन्हा बांधायला घेतली आणि गाठ जरा जास्तच आवळली.

"आई गं! हळू! माणूस आहे मी, बैल नाही!" हे केवढ्यांदा ओरडले.

"ओरडा," मी म्हटलं. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता. "खुशाल ओरडा."